फिल्टर बदलला, जेट तोच ठेवला? मग पिकअप कुठून येणार!

(ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी या भागाचं थोडं संपादित लेखी रूप.)

[००:००] सुरुवात

तुमच्या मेसेजेसमध्ये एक प्रश्न सारखा येतो: "दादा, गाडीला मोठा एअर फिल्टर टाकला, पण पिकअप वाढायच्या ऐवजी गाडी झटके मारायला लागली. असं का?" आज त्याचंच उत्तर. उदाहरणाला घेऊ जुनी कार्बोरेटरवाली क्लासिक ३५०, म्हणजे ३४६ सीसीची. सेकंडहँड बाजारात ती भरपूर आहे, आणि तिच्यावर प्रयोगही भरपूर होतात.

आधीच सांगतो, तुमची गाडी बीएस-६ असेल तर बहुतेक तिला फ्युएल इंजेक्शन असणार. तिथे बदलायला जेटच नाही, सगळा हिशोब ईसीयू करतो. हा भाग कार्बवाल्यांचा.

[०१:२०] इंजिन किती हवा पितं?

३४६ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. ५,२५० आरपीएमला सिलिंडर दर वेळी पूर्ण भरला असं धरलं, तर मिनिटाला जवळजवळ ९०० लिटर हवा आत जाते. आणि तिच्यासोबत पेट्रोल? जेमतेम चहाचा एक कप. तेवढं पेट्रोल मेन जेटच्या भोकातून जातं, आणि ते भोक असतं साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. म्हणून जेटमधला बारीकसा फरकसुद्धा गाडीला लगेच कळतो.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. जास्तीत जास्त ताकद मिळते ती जरा जास्त पेट्रोलवर, साडेबारा-तेराला एकच्या आसपास. हवा जास्त झाली की मिश्रण 'लीन', पेट्रोल जास्त झालं की 'रिच'.

आता बघा, फ्री-फ्लो फिल्टर टाकला म्हणजे हवेची वाट मोकळी केली. जेट तोच राहिला, म्हणजे पेट्रोलची वाट तेवढीच. गाडी लीन झाली! फिल्टर आणि जेट ही दोन कामं नाहीत, एकच काम आहे.

त्यात पंपावर आता ई-२० मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याचं प्रमाण साधारण साडेतेराला एक. म्हणजे जुन्या पेट्रोलवर सेट केलेला कार्ब आधीच थोडा लीन चाललाय. वरून मोठा फिल्टर टाकला की आणखी लीन.

[०३:४५] लीन की रिच, ओळखायचं कसं?

लीन गाडी जास्त तापते, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, प्लग पांढरट दिसतो. हे दुर्लक्ष करायचं लक्षण नाही हं. लांब हायवेला फुल थ्रॉटलवर लीन गाडी पळवली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टनला मार बसतो. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन जामसुद्धा होऊ शकतो. रिच गाडीचा प्लग काळा, काजळी धरलेला. ॲव्हरेज पडतं, पीयूसीचा आकडा वाढतो. खिशाला त्रास, पण इंजिन लगेच जात नाही.

[०५:१०] कोणता जेट कधी काम करतो?

• आयडल ते पाव थ्रॉटल: पायलट जेट आणि स्क्रू.
• पाव ते पाऊण: नीडल.
• पाऊण ते फुल: मेन जेट.

म्हणून सिग्नलला गाडी बंद पडते आणि मेकॅनिक मेन जेट बदलतोय, तर त्याला थांबवा. दुखणं वेगळं, औषध वेगळं.

स्क्रूचंही ऐका. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर काढला की रिच. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की लीन. अगदी उलट!

आणि आकडे. केहिनच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो: १०० म्हणजे १.०० मिमी. १०० वरून १०५ केला की भोकाचं क्षेत्रफळ सुमारे १० टक्के वाढतं. मिकुनीच्या नेहमीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा मात्र प्रवाहाचा. म्हणून "मित्राने १०५ टाकला, मलाही तोच द्या" असं करू नका.

[०७:३०] काम कोणत्या क्रमाने?

आधी गाडी मूळ अवस्थेत ठणठणीत करा: टॅपेट सेटिंग, नवा प्लग, साफ कार्ब, साफ फिल्टर. खरं सांगू? बऱ्याच गाड्यांचं "गेलेलं" पिकअप इथेच परत येतं, आणि पुढचा खर्च वाचतो.

तरीही बदल करायचाच असेल तर फिल्टर बसवा आणि मेन जेट एकच पायरी वाढवा. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर फुल थ्रॉटल द्या. थ्रॉटल किंचित मागे घेतल्यावर गाडी जास्त ओढत असेल तर ती अजून लीन आहे. फुलला गुदमरत असेल तर रिच. मेन जमला की नीडल, शेवटी पायलट. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल मोबाईलमध्ये लिहून ठेवा. काढलेला जुना जेट फेकू नका.

लेहला जाणाऱ्यांनो, ३,५०० मीटरवर हवा साधारण ३० टक्के विरळ असते. तिथे तीच गाडी आपोआप रिच होते. मोठा जेट टाकून गेलात तर काळा धूर निघणार.

[०९:४०] कोन फिल्टर घ्यावा का?

एअरबॉक्स काढून थेट कार्बला लावलेला कोन फिल्टर दिसतो भारी. पण एअरबॉक्स हवा शांत ठेवतो, पाणी अडवतो. क्लासिकचा कार्ब व्हॅक्यूमवर स्लाईड उचलतो, त्याला ही अस्थिर हवा मानवत नाही. पावसाळ्यात तर थेट पाण्याशी गाठ. रोज ऑफिस-कॉलेजला गाडी वापरत असाल तर मूळ एअरबॉक्समध्येच बसणारा फिल्टर घ्या. तो धुऊन वापरायचा असेल तर तेल लावल्याशिवाय बसवू नका, नाहीतर रस्त्याची धूळ सिलिंडर घासत बसेल.

२० बीएचपीच्या जवळ असलेल्या इंजिनाची २५ बीएचपी होणार नाही, मंडळी. नीट केलं तर गाडी मोकळी, सरळ ओढते. एवढ्यासाठी इंजिन पणाला लावू नका.

तुमच्या गाडीचं मॉडेल, प्लगचा फोटो आणि त्रास कोणत्या थ्रॉटलला होतो ते पाठवा, पुढच्या भागात बोलू. तोवर हेल्मेट घाला आणि ऐकत राहा!