तसबिरीची चौकट : अंगे आणि संज्ञा

सातारा जिल्ह्यातील औंध येथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे आहेत. रविवर्म्यांच्याच चित्रांच्या रंगीत शिळाछाप प्रती, १८९४ साली मुंबईत निघालेल्या त्यांच्या छापखान्यामुळे, महाराष्ट्रात घरोघर पोचल्या. चित्रकार एकच असला तरी मूळ चित्राची चौकट आणि प्रतीची चौकट यांची रचना भिन्न असते. चौकटकामातील बहुतेक संज्ञा या भेदावरूनच समजून घ्याव्यात.

तैलचित्राचे कापड, म्हणजे कॅनव्हास, प्रथम साध्या लाकडी ताणचौकटीवर ताणून बसवतात. कापड सैलावल्यास तिच्या कोपऱ्यांतील पाचरी हलकेच ठोकल्या जातात. रंगावर रोगणाचा लेप असल्याने काचेची सहसा गरज नसते.

बाहेरची दर्शनी चौकट पट्टीची असते. सागवानी, शिसवी आणि सोनेरी वर्खाची हे पट्टीचे जुने प्रकार. आता कृत्रिम पट्टीही सर्रास वापरतात. पट्टीच्या आतील कडेला खाच असते व चित्र तीत टेकते. चारही पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडतात. लाकूड ओल शोषून रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे महाबळेश्वरसारख्या अतिपावसाच्या ठिकाणी रुंद पट्टीचे कोपरे उघडे पडतात. तो दोष नेहमीच कारागिराचा मानू नये.

कागदावरील चित्राला व छायाचित्राला काच हवीच. परंतु ती चित्राला टेकता कामा नये. हे अंतर राखणारा, मधोमध खिडकी कापलेला जाड पुठ्ठा म्हणजे माउंट. पुष्कळजण त्याला शोभेची बाब समजून खर्च वाचवतात, हे खेदजनक आहे. २००५ आणि २०१९ साली कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले. अशा पाण्यात छायाचित्रावरील जिलेटिनचा थर मऊ होतो आणि माउंट नसल्यास वाळताना काचेला घट्ट चिकटतो. असे छायाचित्र कोरडे ओढून काढल्यास चेहराच काचेवर राहतो. ते काचेसह जाणकाराकडे सोपवावे. माउंटचा पुठ्ठा आम्लरहित असावा, अन्यथा काही वर्षांत चित्राच्या कडा पिवळ्या पडतात.

चित्रामागील आधाराला पाठ म्हणतात. ती बारीक चुकांनी पक्की करून कागदी पट्टीने बंद करतात, म्हणजे धूळ आत जात नाही. जुन्या वाड्यांत तसबीर वरून पुढे झुकती टांगत. त्यामुळे काचेवरची चमक टळे आणि बैठकीवरून चित्र नीट दिसे. सपाट टांगायची असल्यास खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून मागे हवेला वाट ठेवावी. कोयनेच्या खोऱ्यातील ओल्या भिंतींवर हे न केल्यास पाठीला बुरशी धरते आणि तिच्यामागोमाग कसर लागते.