कायद्यातील धर्मनीती आणि रुग्णशय्येपाशी उभा असलेला डॉक्टर

धर्म आणि कायदा यांचे नाते हा विषय तत्त्वज्ञांचा व विधिज्ञांचा. आपणा डॉक्टरमंडळींचा त्याच्याशी संबंध तो किती, असे स्मरणिकेच्या वाचकांना वाटण्याचा संभव आहे. परंतु राष्ट्राच्या कायद्यात धर्मनीतीला किती स्थान असावे, या प्रश्नाचे उत्तर कित्येकदा प्रसूतिकक्षात द्यावे लागते, आणि ते देण्यासाठी मिळणारा अवधी तासांत मोजावा लागतो. आपल्या बेळगावला तर ही गोष्ट नव्याने सांगावयास नको.

सविता हलप्पनवार ही बेळगावची कन्या. शिक्षणाने दंतवैद्य. विवाहानंतर ती आयर्लंडमधील गॉलवे शहरी राहत होती. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी, गर्भारपणाच्या सतराव्या आठवड्यात, पाठदुखीमुळे ती तेथील विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाली. गर्भपात अटळ असल्याचे निदान झाले आणि थोड्याच तासांत पाणमोट फुटली. गर्भ जगणार नाही याविषयी कोणालाही शंका नव्हती. तेव्हा गर्भ काढून टाकावा, अशी विनंती तिने केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत आणि मातेच्या जिवाला धोका दिसत नाही, तोवर कायद्याने तसे करता येत नाही, असे उत्तर तिला मिळाले. हा कॅथलिक देश आहे, असेही एका सुईणीने तिला सांगितले. आपण ते दुखावण्यासाठी नव्हे, तर परिस्थिती समजावण्यासाठी बोललो, असे त्या सुईणीने पुढे चौकशीत नमूद केले. २४ तारखेला सेप्सिसचे निदान झाले. २८ ऑक्टोबरला सविताने प्राण सोडला. तिचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते.

एका मुळाच्या दोन शाखा

या घटनेकडे ‘तेथील धर्मांध कायदा आणि आपला उदार कायदा’ अशा सोप्या दृष्टीने पाहणे योग्य होणार नाही. दोन्ही देशांचे मूळ कायदे एकाच राजवटीने दिलेले होते. आपली भारतीय दंडसंहिता १८६० सालची. आयर्लंडला लागू झालेला ब्रिटिश पार्लमेंटचा कायदा १८६१ सालचा. दोहोंनी गर्भपाताला गुन्हा ठरविले. आपल्या कलम ३१२ मध्ये मात्र मातेचे प्राण वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेल्या गर्भपाताचा अपवाद स्पष्ट शब्दांत होता. १८६१ च्या कायद्यात तसा स्पष्ट अपवाद नव्हता.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेने कॅथलिक चर्चचे ‘विशेष स्थान’ मान्य केले होते. ते कलम १९७२ च्या सार्वमतानंतर वगळण्यात आले, तरी चर्चची नीती कायद्यांत टिकून राहिली. संततिनियमनाच्या साधनांच्या विक्रीवर १९३५ पासून बंदी होती. घटस्फोटावरील घटनात्मक बंदी उठण्यास १९९५ साल उजाडावे लागले. १९८३ साली सुमारे ६७ टक्के मतदारांच्या संमतीने घटनेत आठवी दुरुस्ती झाली आणि गर्भाचा जीविताचा हक्क मातेच्या हक्काच्या बरोबरीचा ठरला.

धर्मोपदेशकाच्या मुखी हे वाक्य उदात्त वाटते. परंतु मातेचा रक्तदाब उतरू लागला आहे आणि गर्भाचे ठोके चालू आहेत, अशा क्षणी ‘बरोबरीचा’ या शब्दाचा अर्थ काय करावयाचा? १९९२ साली बलात्कारातून गरोदर राहिलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने मातेच्या जिवाला ‘खराखुरा व लक्षणीय’ धोका असल्यास गर्भपातास मुभा दिली. मात्र हा धोका केव्हा ‘लक्षणीय’ होतो, हे सांगणारा कायदा त्यानंतर वीस वर्षे झाला नाही. ती संदिग्धता डॉक्टरांच्या माथी राहिली.

सत्य असे की, सविताच्या मृत्यूला केवळ कायदा कारणीभूत नव्हता. दाखल झाल्याच्या दिवशीच तिच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या होत्या. त्या अहवालाचा पाठपुरावा झाला नाही. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेवर देखरेख ठेवणाऱ्या तेथील प्राधिकरणाने हुकलेल्या तेरा संधी मोजून दाखविल्या. परंतु प्रा. सबारत्नम अरुलकुमारन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने कायद्याविषयीच्या संभ्रमालाही एक कारण मानले. मृत्युचौकशीत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. पीटर बॉयलन यांनी दिलेली साक्ष तर आपणा सर्वांना अंतर्मुख करणारी आहे. पहिल्या दोन दिवसांत गर्भपात केला असता तर सविता बहुधा वाचली असती, पण तेव्हा कायदा आड येत होता. आणि कायद्याने मुभा मिळेल इतकी ती अत्यवस्थ झाली तेव्हा फार उशीर झाला होता. ज्या कायद्याखाली उपचार करण्यासाठी रुग्णाने आधी मरणोन्मुख व्हावे लागते, तो कायदा रचणाऱ्याचा हेतू कितीही पवित्र असला, तरी त्याचे फळ पवित्र म्हणता येणार नाही.

आपल्याकडील अनुभव

धर्मशास्त्रांनी भ्रूणहत्येची गणना घोर पातकांत केली आहे, हे आपण जाणतोच. तरीही स्वतंत्र भारताने त्या वचनाला कायद्याचे रूप दिले नाही. १९६४ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. समितीपुढे प्रश्न होता तो अडाणी हातांनी होणाऱ्या गर्भपातांत मरणाऱ्या स्त्रियांचा. तिच्या शिफारशींतून १९७१ चा वैद्यकीय गर्भसमापन कायदा झाला. लोकसंख्यावाढीची चिंताही त्याच्या पाठीशी होती, हे खरे. परंतु त्याच्या रचनेचा केंद्रबिंदू स्त्रीचे आरोग्य हा राहिला. त्याच्या पाचव्या कलमानुसार, स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी तातडीने आवश्यक असल्यास पात्र डॉक्टर एकट्याच्या मताने, आठवड्यांची मर्यादा न पाहता, गर्भसमापन करू शकतो. आठव्या कलमाने सद्भावनेने वागणाऱ्या डॉक्टरला संरक्षण दिले आहे.

अर्थात आपलाही कायदा रूढ नीतीच्या छायेतून पूर्णपणे मुक्त नव्हता. संततिनियमनाचे साधन निकामी ठरल्याचे कारण १९७१ मध्ये फक्त विवाहितेसाठी मान्य झाले होते. जणू अविवाहितेचे दुःख कायद्याच्या नजरेस पडतच नव्हते. तो भेद २०२१ च्या दुरुस्तीने मिटविला, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या मर्यादेतही अविवाहितेला तोच हक्क असल्याचे स्पष्ट केले.

दुसरीकडे, कायदा पुढे गेला म्हणून समाजमन पुढे जाते असेही नाही. वंशाला दिवा हवा, पिंडाला पाणी द्यावयास पुत्र हवा, ही श्रद्धा सोनोग्राफीच्या खोलीत शिरली. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण १९९१ च्या जनगणनेत ९४५ होते. २००१ मध्ये ते ९२७ वर आले. १९८८ साली महाराष्ट्राने आणि १९९४ साली केंद्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. आयर्लंडमध्ये धार्मिक समजूत कायद्यात बसली होती. आपल्याकडे ती कायद्याला बगल देऊन आली, आणि तिला वाट दाखविणाऱ्यांत आपल्याच व्यवसायातील काही जण होते, हे मान्य केलेच पाहिजे.

मग धर्मनीतीचे स्थान कोणते?

धर्मनीतीला सार्वजनिक जीवनातून हद्दपार करावे, असा निष्कर्ष यातून मुळीच निघत नाही. १८६३ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्यांच्यापुढेही अजात जीवाचाच प्रश्न होता. त्यांनी त्या विधवांसाठी शिक्षा मागितली नाही, आसरा दिला. तेथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. जीव पवित्र आहे, ही श्रद्धा फुले दांपत्याने स्वतः खस्ता खाऊन पाळली. आठव्या दुरुस्तीने तिचे ओझे दुसऱ्याच्या शरीरावर टाकले. धर्मनीतीचा खरा कस येथे लागतो.

कायद्याची कसोटी मात्र निराळी असली पाहिजे. ज्याची ती श्रद्धा नाही, त्यालाही पटवून देता येईल असे कारण त्या कायद्यामागे आहे काय? आणि तो मोडल्याने कोणाची कोणती हानी होते, हे दाखविता येते काय? लिंगनिदानबंदीचा कायदा या कसोटीस उतरतो. आठवी दुरुस्ती उतरली नाही. आपल्या घटनेचे पंचविसावे कलम धर्मस्वातंत्र्य देताना ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन ठेवते. त्या मोजक्या शब्दांत ‘आरोग्य’ आहे, ही बाब आपल्या व्यवसायाने विसरू नये.

आयर्लंडनेही अखेर हीच वाट धरली. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी आठवी दुरुस्ती रद्द केली. पस्तीस वर्षांपूर्वी ती आणणारे बहुमतही जवळपास एवढेच होते. त्या मोहिमेत सविताचे छायाचित्र गावोगावी झळकले, आणि बेळगावातून तिच्या माता-पित्यांनीही आयरिश जनतेला आवाहन केले. नव्या कायद्याने श्रद्धावान डॉक्टरला या कामात सहभागी न होण्याची मुभा ठेवली. मात्र रुग्णेची व्यवस्था दुसऱ्याकडे लावून देण्याचे कर्तव्य त्याच्यावर सोपविले, आणि जिवाला तातडीचा धोका असेल तेथे ही मुभा काढून घेतली. श्रद्धेचा मान आणि रुग्णेचा प्राण यांचा मेळ घालणारी ही तरतूद अभ्यासण्याजोगी आहे.

आपल्यासाठी बोध साधाच आहे. पाचवे व आठवे कलम आपल्या प्रत्येक प्रसूतिगृहातील कनिष्ठात कनिष्ठ डॉक्टरलाही तोंडपाठ असावे. कायदा स्पष्ट असूनही अज्ञानामुळे किंवा भीतीमुळे एखादी स्त्री ठोके थांबण्याची वाट पाहत पडून राहिली, तर तो दोष ना धर्माचा, ना संसदेचा. तो सर्वस्वी आपला असेल.