ऐंशी हजार मेंबर आणि एक कंदील

कन्हेरीच्या मारुतीपुढे प्रचाराचा नारळ फुटला की बारामती तालुक्यात निवडणूक लागली, असं आम्ही धरून चालतो. पण या भागातल्या माणसाचं खरं राजकीय शिक्षण लोकसभा-विधानसभेच्या सभांमध्ये होत नाही, ते मेंबर लोकांकडे बघून होतं. ग्रामपंचायतीचा मेंबर, सोसायटीचा मेंबर, पंचायत समितीचा मेंबर. सभापतीची निवड तोंडावर आली की ही मंडळी गावात दिसेनाशी होतात, फोन बंद लागतात, आणि मतदानाच्या सकाळी सगळी एकाच गाडीतून ताजीतवानी होऊन उतरतात. सहल कुठे होती हे कोणी विचारत नाही; खर्च कोणाचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. विधान परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघांबद्दल तर पारावरचा पोरगाही भाव सांगेल, खरा-खोटा देव जाणे. सरपंच गावानं निवडायचा की मेंबरांनी, हा वाद आपल्याकडे अजून मिटलेला नाही. थेट निवड २०१७ला आली, २०२०ला गेली, २०२२ला परत आली. ज्याला जे सोयीचं, त्यानं ते केलं.

म्हणून एक प्रश्न माझ्या डोक्यात फार वर्षं घर करून आहे. अख्ख्या देशाचा राष्ट्राध्यक्षच असा मेंबरांकडून निवडून घेतला, तर? आणि निवडून येणारा आधीच फील्ड मार्शल असेल, तर?

हे घडलेलं आहे, आणि त्याची सुरुवात ज्या वर्षी झाली ते वर्ष मोठं चमत्कारिक आहे. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातल्या नागौरला नेहरूंनी पंचायत राजचा दिवा लावला. (आपल्याकडे नाईक समितीच्या शिफारशींनंतर १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या, पुढचं वाचकांना माहीत आहे.) त्याच ऑक्टोबरच्या अखेरीला, सत्ता घेतल्याला वर्ष पुरं होत असताना, पाकिस्तानात जनरल अयुब खानांनी ‘बेसिक डेमोक्रसीज’ची योजना जाहीर केली. गावपातळीवर युनियन कौन्सिल, वर तहसील, वर जिल्हा. कागदावर दोन्ही आराखडे शेजारी ठेवले तर भाऊ-भाऊ वाटतील. फरक एकच होता. आपल्या मेंबरांनी गटारं, शाळा आणि रस्ते बघायचे होते. तिकडच्या मेंबरांनी त्याशिवाय देशाचा राष्ट्राध्यक्षही निवडायचा होता.

त्याच वर्षी लिस्बनमध्येही असाच डाव पडला, आणि त्याची सावली आपल्या शेजारच्या गोव्यावर होती. पोर्तुगालमध्ये २८ मे १९२६ला लष्करानं सत्ता घेतली. जनरल कार्मोना १९२८मध्ये एकटेच उमेदवार म्हणून राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि मग १९५१मध्ये मरेपर्यंत त्या पदावर राहिले. कारभार पंतप्रधान सालाझारांचा, शिक्का जनरलसाहेबांचा. १९४९मध्ये त्यांच्याविरुद्ध जनरल नॉर्टन द मातोश उभे राहिले. हे गृहस्थ तरुणपणी गोव्यात जमीनमोजणीच्या खात्यात नोकरीला होते. निवडणूक प्रामाणिक होणार नाही हे दिसताच त्यांनी मतदानाच्या तोंडावर अंग काढून घेतलं. कार्मोनांनंतर आलेले क्रावैरो लोपिश हेही १९३६ ते ३८ गोव्याचे हंगामी गव्हर्नर जनरल होते. १९५८मध्ये मात्र हुंबेर्तु देल्गादु नावाच्या हवाईदलाच्या जनरलनं खरीखुरी लढत दिली. निवडून आलात तर सालाझारांचं काय कराल, असं विचारल्यावर त्यानं सरळ सांगितलं की त्यांना घरी पाठवीन. सरकारी मोजणीतसुद्धा त्याला जवळपास चौथा हिस्सा मतं मिळाली. सालाझारांनी धडा घेतला. १९५९मध्ये घटना बदलली आणि राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच बंद करून टाकली. पुढे तो निवडणार एक छोटं मतदारमंडळ. देल्गादुला फेब्रुवारी १९६५मध्ये गुप्त पोलिसांनी स्पेनच्या सरहद्दीजवळ गाठून ठार मारलं.

कराची आणि लिस्बननं एकमेकांचं बघून हे केलं, असं मी म्हणत नाही. पण हुकूमशहाची अक्कल सगळीकडे एकाच दिशेनं चालते. निवडणूक रद्द केली तर बदनामी होते. मतदार कमी केले तर कोणी फारसं बोलत नाही.

पाकिस्तानात ते ऐंशी हजार केले. पूर्वेत चाळीस, पश्चिमेत चाळीस, साधारण हजार माणसांमागे एक मेंबर. पहिल्यांदा निवडून आलेल्या या मेंबरांना फेब्रुवारी १९६०मध्ये एकच प्रश्न विचारला गेला, की अयुब खानांवर तुमचा विश्वास आहे काय? ९५ टक्क्यांहून जास्त लोक ‘हो’ म्हणाले. समोर दुसरं नावच नव्हतं. मग १९६२ची घटना आली, मार्शल लॉ उठला, आणि १९६४मध्ये दुसऱ्यांदा निवडून आलेल्या ऐंशी हजारांनी खरोखरच्या दोन उमेदवारांतून एकाला निवडायची वेळ आली.

हा मेंबर कोण होता? गावातला बागायतदार, दुकानदार, छोटा ठेकेदार. वरच्या तहसील कौन्सिलचा अध्यक्ष सरकारी अधिकारी, जिल्ह्याचा अध्यक्ष डेप्युटी कमिशनर. गावच्या रस्त्याचा, बंधाऱ्याचा पैसा याच वाटेनं खाली यायचा. पूर्व पाकिस्तानात अमेरिकन गव्हाच्या विक्रीतून उभा राहिलेला ग्रामीण कामांचा मोठा कार्यक्रम होता आणि त्याची बिलं या मेंबरांच्या हातून निघत. अर्थतज्ज्ञ रहमान सोभान यांनी पुढे यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मत कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. मेंबराचं मत सरकारच्याच पारड्यात पडणार, अशी जी कडवट खात्री सामान्य माणसाच्या मनात बसली ती आळसातून किंवा अडाणीपणातून आली नव्हती. तो हिशेब मांडूनच बसलेला होता.

आणि तरी १९६४च्या शरद ऋतूत जे घडलं, त्यानं हा सगळा हिशेब काही आठवडे विस्कटला.

विरोधकांची आघाडी म्हणजे भानुमतीचा कुनबा होता. मौलाना मौदूदींची जमात, भाशानींचे डावे, अवामी लीग, कौन्सिल मुस्लिम लीग, सगळेच. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या या मंडळींना एकाच नावावर एकमत करता आलं: महंमद अली जिनांची बहीण, फातिमा जिना. वय ७१.

या बाई मुंबईच्या होत्या असं म्हटलं तर कराचीकरांना राग येईल, कारण जन्म कराचीचा, १८९३चा. पण शाळा वांद्र्याच्या कॉन्व्हेंटची. कलकत्त्याला दंतवैद्यकी शिकून १९२३मध्ये त्यांनी दवाखाना घातला तो क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर. आज तिथे वह्या-पेनांची, लग्नपत्रिकांची घाऊक दुकानं आहेत; हातगाडीवाल्यांना चुकवत त्या गल्लीतून जाताना, इथल्याच कुठल्या तरी माडीवर एक अविवाहित मुसलमान तरुणी परक्या माणसांचे दात काढत होती, हे मनात आणून बघा. १९२३ साली! संध्याकाळी धोबी तलावच्या दवाखान्यात त्या फुकट काम करायच्या. १९२९मध्ये भावाची पत्नी रत्ती जिना वारल्या, भाऊ एकटा पडला, आणि बहिणीनं दवाखाना बंद करून त्याचं घर सांभाळायला घेतलं. त्यानंतर लोकांनी त्यांना नेहमी भावाच्या एक पाऊल मागेच पाहिलं. मला स्वतःला तो बंद झालेला दवाखाना फार अस्वस्थ करतो. भाऊ गेल्यावर १९५१मध्ये रेडिओवर त्या बोलत असताना सरकारला न रुचणाऱ्या मजकुराच्या वेळी आवाज मध्येच गेला. तांत्रिक बिघाड, असं सांगण्यात आलं. ते कोणाला पटलं नाही.

तर अशा या बाई पांढऱ्या कपड्यांत, खणखणीत इंग्रजीत आणि अडखळत्या उर्दूत फील्ड मार्शलवर तुटून पडल्या. त्यांचं चिन्ह कंदील, अयुब खानांचं गुलाबाचं फूल. पूर्व पाकिस्तानात त्यांची आगगाडी निघाली तेव्हा स्टेशनास्टेशनावर लोक साखळी ओढून गाडी थांबवत होते आणि दोन शब्द बोला म्हणून हट्ट धरत होते. ढाक्यात मुजीबुर रहमान त्यांच्यासाठी राबत होते. अयुबांचेच जुने गव्हर्नर, जनरल आझम खान, त्यांच्या व्यासपीठावर होते. लाहोरकडे हबीब जालिब हा शायर १९६२च्या घटनेला नाकारणारी ‘दस्तूर’ ही नज्म सभांमधून म्हणत होता.

इथे एक गंमत झाली, ती सांगायलाच हवी. अयुब खान स्वतःला आधुनिक म्हणवत. १९६१मध्ये त्यांनी कौटुंबिक कायदा आणून बहुपत्नीत्वाला लगाम घातला होता, त्यावर मौलवी खवळले होते. आता तेच अयुब खान, बाईनं राष्ट्रप्रमुख होणं धर्मात बसत नाही असं सांगणारे उलेमा गोळा करायला लागले. आणि बाईनं राजकारणात येऊ नये असं आयुष्यभर लिहीत आलेले मौदूदी बाईंच्या प्रचाराला बाहेर पडले. तत्त्वाची अशी अदलाबदल आपल्याकडे पक्षांतराच्या हंगामातही क्वचित बघायला मिळते.

पण खरी गोम वेगळी होती. साखळी ओढणाऱ्या त्या लाखो माणसांपैकी बहुतेकांना मतच नव्हतं. मत होतं मेंबराला. निवडणूक आयोगानं उमेदवारांच्या ज्या सभा भरवल्या त्या फक्त मेंबरांसाठी, बंद दाराआड. बाहेरच्या गर्दीनं बाहेरच थांबायचं. त्यात बाईंचा मुख्य मुद्दा असा, की मी निवडून आले तर प्रत्येक प्रौढ माणसाला थेट मत देईन. म्हणजे मेंबराला सांगायचं काय, तर बाबा रे, मला मत दे, म्हणजे पुढच्या वेळी तुझं मोल शून्य होईल. ज्या फांदीवर बसलायस ती तोड. अयुब खानांनी हा धागा अचूक पकडला. हे लोक आले तर तुमची व्यवस्थाच मोडतील, हे ते मेंबरांना परत परत ऐकवत राहिले. ते खोटंही नव्हतं.

२ जानेवारी १९६५ला मतदान झालं. अयुब खानांना ४९,९५१ आणि फातिमा जिनांना २८,६९१. मला अयुबांच्या आकड्याचं नवल वाटत नाही, दुसऱ्या आकड्याचं वाटतं. तहसीलदार डोक्यावर बसलेला असताना, कामांची बिलं अडकलेली असताना, स्वतःचं मोल संपवणाऱ्या बाईला अठ्ठावीस हजारांवर मेंबर मत देऊन आले. कराची आणि ढाका या दोन्ही शहरांत त्या पुढे होत्या. पूर्वेत फरक अगदी थोडा राहिला. फातिमाबाईंनी निवडणूक लबाडीची झाल्याचं जाहीर सांगितलं. दोनच दिवसांनी अयुबपुत्र गौहर यांची विजयी मिरवणूक कराचीच्या विरोधी वस्त्यांतून गेली आणि गोळीबार, जाळपोळ झाली. मेंबरांनी निवडलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या विजयाचा गुलाल, मत नसलेल्यांच्या दारात.

यानंतरची दोन वर्षं, म्हणजे सप्टेंबरचं युद्ध आणि ताश्कंद, मी सोडून देतो. त्यावर ढीगभर लिहून झालं आहे. मला थांबायचंय ते अयुब खानांच्या रोजनिशीपाशी. सप्टेंबर १९६६पासून ते नियमित लिहीत होते. त्या नोंदी दशकानुदशकं बंद राहिल्या आणि २००७मध्ये छापून आल्या. जाडजूड ग्रंथ आहे. निम्म्याअधिक पानांवर सहकाऱ्यांच्या तक्रारी आणि स्वतःची पाठ थोपटणं. पण जुलै १९६७मधली एक नोंद सोडून पुढे जाता येत नाही.

फातिमाबाई ९ जुलैला गेल्या. अयुबांनी अंत्ययात्रेला आपला लष्करी सचिव पाठवला होता. त्यानं परत येऊन सांगितलेली हकीकत रोजनिशीत आहे. घरी शिया पद्धतीनं नमाज झाली, मग पोलो मैदानावर सार्वजनिक नमाज कोणी पढवायची, शियानं की सुन्नीनं, यावर वाद लागला. नमाज सुरू होते न होते तोच मागून गर्दी फुटली आणि पुढची मंडळी जनाजा तसाच टाकून पळाली. कसाबसा तो गाडीवर चढवून जिनांच्या कबरीच्या आवारात नेला, तिथे दगडफेक, मग लाठीमार आणि अश्रुधूर. हे सगळं लिहून झाल्यावर फील्ड मार्शलसाहेबांनी शेवटी राग काढला तो लोकांवर. किती बेजबाबदार, किती जनावरासारखे. अडीच वर्षांपूर्वी याच शहरानं आपल्याला नाकारलं होतं, याचा त्या नोंदीत मागमूस नाही. आपल्याशी बोलायची कुठली वाट आपण या लोकांना ठेवली आहे, हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

१९६८मध्ये सरकारनं ‘विकासाचं दशक’ वाजतगाजत साजरं केलं, आणि त्याच काळात साखर महागली. आमच्यासारख्या उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला कळेल, साखरेच्या भावानं कोणाची खुर्ची कशी हलते ते. अयुब खानांच्या नावापुढे रस्त्यावर ‘चिनी चोर’ लागलं. विद्यार्थी, मग कामगार, मग वकील रस्त्यावर आले. पूर्वेकडे लोकांनी गावोगावी मेंबरांनाच धरलं. कित्येकांनी जीव वाचवायला राजीनामे दिले, काही मारले गेले. ज्या माणसाला लोक आतापर्यंत फक्त हसायचे, त्याच्या दारात आता जमाव यायला लागला.

२५ मार्च १९६९ला अयुब खानांनी पद सोडलं. त्यांच्याच १९६२च्या घटनेप्रमाणे कारभार जायला हवा होता नॅशनल असेंब्लीच्या सभापतींकडे, म्हणजे अब्दुल जब्बार खान या पूर्व बंगालच्या गृहस्थांकडे. तो दिला गेला लष्करप्रमुख याह्या खानांकडे. घटना रद्द झाली, असेंब्ली बरखास्त झाली. त्या ऐंशी हजार मेंबरांचं मत या वेळी कोणी मागितलंसुद्धा नाही.