रोख्यांचा फंड आणि मुदतठेव

कंपन्यांच्या कर्जरोख्यांत पैसा गुंतविणाऱ्या म्युच्युअल फंडाकडे आपल्याकडील पुष्कळ निवृत्त मंडळी बँकेतील मुदतठेवीचेच एक अधिक फलदायी रूप म्हणून पाहतात, आणि ज्या दिवशी खातेउताऱ्यावरील आकडा मुद्दलाच्याही खाली उतरलेला दिसतो, त्या दिवशी आपण फसवले गेलो अशा समजुतीने, नेमक्या अवेळी, पैसे काढून घेतात.

या घाबरण्याच्या मुळाशी असलेला समज असा की, रोखा उत्तम पतीचा असला म्हणजे त्याचा भाव उतरत नाही. वस्तुतः ऋणको कंपनी व्याज आणि मुद्दल ठरल्या मुदतीत फेडील याची शक्यता कितपत, एवढेच पतमानांकन सांगते. मधल्या काळात तो दस्तऐवज बाजारात काय भावाने विकला जाईल याची हमी ते देत नाही. आपल्यापाशी सात टक्के व्याजाचा रोखा असता तशाच पतीचे नवे रोखे आठ टक्क्यांनी निघू लागले, तर आपला जुना रोखा दर्शनी किमतीला कोणी घेणार नाही, आणि फंडाला तर आपल्याजवळील रोख्यांचे मोल दररोज बाजारभावानेच मांडावे लागते. मधली व्याजे जमेस धरून काढलेली फंडाची सरासरी मुदत ४ वर्षे असेल, तर बाजारातील दर एक टक्क्याने वाढताच त्याचे मूल्य सुमारे चार टक्क्यांनी घटते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला तेव्हा हेच घडले. परंतु जो दर जुन्या रोख्याचा भाव पाडतो तोच दर फंडात येणाऱ्या व्याजाच्या नव्या गुंतवणुकीला अधिक उत्पन्न देतो, म्हणून सरासरी मुदतीइतका काळ थांबणाऱ्याची घट बहुतांशी भरून निघते. मध्येच निघून जाणारा मात्र ती कायमची पदरी घेतो.

याच्याच जोडीचा दुसरा समज म्हणजे ‘एएए’ हा शिक्का अढळ आहे. आयएल अँड एफएस या संस्थेला २०१८ च्या मध्यापर्यंत हे सर्वोच्च मानांकन होते. सप्टेंबरात तिचे हप्ते थकले आणि तेच मानांकन ‘डी’वर, म्हणजे थकबाकीदाराच्या पायरीवर, आले. एखाद्याच कंपनीचा रोखा घेण्यापेक्षा अनेक कंपन्यांचे रोखे बाळगणारा फंड बरा, तो याच कारणासाठी. बाजार-नियामक सेबीच्या नियमांनुसार ‘कॉर्पोरेट बाँड’ वर्गातील फंडाला किमान ८० टक्के रक्कम ‘एए प्लस’ व त्यावरील रोख्यांत ठेवावी लागते. उरलेल्या २० टक्क्यांत काय आहे, हे ज्याने त्याने मासिक विवरणपत्र उघडून पाहावे.

खर्चाला क्षुल्लक समजणे ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे. समभागांत कुशल व्यवस्थापक मोठा फरक पाडू शकेल. उत्तम पतीच्या रोख्यांचे उत्पन्न मात्र एकमेकांच्या इतके जवळ असते की, कोणत्या फंडाने किती खर्च कापून घेतला यावरच बहुधा निकाल ठरतो. १० लाख रुपये १० वर्षे ७ टक्क्यांनी वाढत असता वार्षिक खर्च ०.३ टक्क्यांऐवजी १ टक्का असेल, तर अखेरीस सुमारे १ लाख २२ हजार रुपये कमी हाती येतात. मध्यस्थाचे कमिशन वगळणारी ‘डायरेक्ट’ योजना जानेवारी २०१३ पासून प्रत्येकाला खुली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये निघालेल्या, केवळ ‘एएए’ दर्जाच्या सरकारी कंपन्यांचे रोखे घेणाऱ्या भारत बाँड ईटीएफचे व्यवस्थापन शुल्क तर २ लाख रुपयांमागे सालीना १ रुपया इतकेच ठेवलेले होते.

करसवलतीची जुनी आशाही आता सोडावी: १ एप्रिल २०२३ पासून केलेल्या अशा गुंतवणुकीच्या नफ्यावर, ती कितीही वर्षे ठेवली तरी, आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणेच कर लागतो, मात्र तो युनिटे विकाल तेव्हा.

बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, या फंडांना ते नाही. तेव्हा वर्षभरात लागणारी रक्कम, मग ती मुलीच्या प्रवेशाची असो वा शस्त्रक्रियेची, बँकेतच असू द्यावी.