वचन नेमके कोणाला दिले?

कंपनीची आचारसंहिता न्यायालयात टिकते की नाही, हे तिच्यातील भाषेपेक्षा ते वचन कोणाला दिले आहे यावर ठरते. वॉलमार्टने 1992 साली पुरवठादारांसाठी कामाचे तास, वेतन आणि बालमजुरीबाबतची संहिता तयार केली आणि पुरवठ्याच्या करारांतच ती घातली. तिचा भंग होत असल्याचा दावा चीन, बांगलादेश, इंडोनेशिया आदी देशांतील कामगारांनी अमेरिकेत लावला. 2009 मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. वॉलमार्टने कारखाने तपासण्याचा हक्क राखून ठेवला होता. ते तपासूच, अशी हमी दिली नव्हती. शिवाय हे वचन पुरवठादारांनी वॉलमार्टला दिलेले होते. ज्यांच्या भल्यासाठी संहिता लिहिली, त्यांनाच तिच्या आधारे दाद मागता आली नाही, ही गोष्ट अन्यायाचीच.

दुसरी वाट जाहिरातीच्या कायद्याची. आशियातील कारखान्यांमधील परिस्थितीविषयी नायकीने केलेली विधाने व्यावसायिक स्वरूपाची असल्याने त्यांना खोट्या जाहिरातीचा कायदा लागू होतो, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये ठरवले. पुढच्या वर्षी 15 लाख डॉलरवर तडजोड झाली. विधाने खरी होती का, याचा निवाडा राहूनच गेला.

तिसरी वाट कामगार संघटनांशी थेट कराराची. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक जण दगावले. भिंतींना तडे आदल्याच दिवशी दिसले होते. पुढच्या महिन्यात झालेल्या ‘बांगलादेश अकॉर्ड’ या कारखान्यांच्या सुरक्षेच्या करारावर ब्रँडबरोबर आंतरराष्ट्रीय कामगार महासंघांच्याही सह्या होत्या आणि वाद लवादाकडे नेण्याची सोय होती. या एका कलमाने सारे बदलले. महासंघांनी 2016 मध्ये दोन ब्रँडना लवादासमोर खेचले. त्यांतील एकाने 2018 मध्ये दीडशेहून अधिक कारखान्यांच्या दुरुस्तीसह 23 लाख डॉलर देण्याचे मान्य केले. वॉलमार्ट मात्र अकॉर्डमध्ये आली नाही.

फ्रान्सने 2017 मध्ये मोठ्या कंपन्यांना पुरवठा साखळीतील धोक्यांचा आराखडा करणे आणि तो अमलात आणणे कायद्यानेच बंधनकारक केले. भारतात 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 135 ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावते; कंपनीने स्वतः जाहीर केलेली तत्त्वे पाळली का, हा प्रश्न त्यात नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हे संरक्षण माल विकत घेणाऱ्याला आहे, तो शिवणाऱ्याला नाही.