एक पदर उजेड कमी

"बाईच्या तोंडावर उजेड पडंना झालाय, आणि तुम्ही हाय त्यो बल्बबी काढायलाय?" शिडीखाली उभे राहून राखणदार मामा विचारत होते, आणि प्रश्न अगदी रास्त होता.

जागा सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं गोदाम. वर पत्रा, दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेल्या पोत्यांच्या थप्प्या, मधे हमाल पाठीवर पोतं घेऊन जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेवर वायरीला लोंबणारा ९ वॅटचा एकुलता एक एलईडी. मार्च लागला होता, आवक जोरात होती, पण त्या दिवसाचे सौदे उरकले होते. पाडव्याच्या आधी खणाच्या साड्यांचे फोटो हवेत म्हणून एका बुटीकवाल्या ताईंनी ओळखीतून ही जागा मिळवली होती. त्यांची मूळ कल्पना याहून धाडसी होती: हरिपूरच्या पेवात शूट करायचं. पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेलं कोठार. तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत फुगत गेलेलं. पण २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बहुतेक गेली. आणि बंद पेव उघडल्यावर काही वेळ तसंच सोडावं लागतं, आतली हवा श्वास घेण्यासारखी नसते. साडी नेसलेल्या मुलीला तिथे उतरवायची माझी तयारी नव्हती. गोदामावर तडजोड झाली.

मुलगी कॉलेजात शिकणारी. मॉडेलिंगचा अनुभव गॅदरिंगच्या रॅम्पपुरता. मदतीला माझा एक पोरगा. सामान म्हणाल तर कॅमेरा, ट्रायपॉड, दोन लेन्स, दोन स्पीडलाइट, दोन फुटी सॉफ्टबॉक्स, थर्माकोलचा एक तुकडा आणि डझनभर चिमटे. चिमटे कपडे वाळत घालायचेच. त्यांच्यावाचून कुठलंच शूट पार पडत नाही.

पहिला फोटो मी नेहमी बिनफ्लॅशचा काढतो. जागेचा स्वतःचा उजेड काय म्हणतोय ते आधी बघायचं. बल्बपासून साधारण सहा फुटांवर मुलीला उभं केलं. आयएसओ १६००, एफ २, शटर १/५०. चेहरा आला, पण बघवेना. बल्ब पांढराफटक, ६५०० केल्विनचा, तोही डोक्यावरून पडणारा. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाखाली काळं. आणि हनुवटीला खालून पिवळी कड! ही कुठून आली ते पटकन कळेना. मग पायाशी बघितलं. फरशीवर बोटभर हळकुंडांचा चुरा आणि धूळ. डोक्यावरचा उजेड त्या फरशीवर पडून, पिवळा होऊन, उलटा तिच्या गळ्यावर येत होता. लग्नाआधीच हळद लागली म्हणून ताई हसल्या. मला ते हसणं महागात पडणार होतं, कारण जांभळ्या खणावर पिवळा उजेड पडला की रंग मातकट दिसतो, आणि गिऱ्हाईक साडी परत पाठवताना फोटोकडेच बोट दाखवतं.

आधी बल्ब बदलला. जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून तेवढ्याच वॅटचा पिवळा बल्ब आणला, खोक्यावर 'वॉर्म व्हाइट' लिहितात तो, २७०० केल्विनचा. मामांना वाटलं मी उजेड घालवला. उजेड जवळपास तेवढाच होता, रंग बदलला होता. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० वर आणला, तसं उघड्या दारातून दिसणारं तिन्हीसांजेचं आभाळ गर्द निळं झालं. निळं दार, पिवळा बल्ब, दोन्हींच्या मधे माणूस. अजून एकही फ्लॅश उडाला नव्हता आणि फोटोचा सांगाडा उभा राहिला होता.

आता फ्लॅश. त्याला नारिंगी जिलेटिन लावलं. हा शब्द आमच्याकडे नाटकवाल्यांकडून आलाय, आणि सांगलीत तो कानाला परका वाटत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' याच गावात उभं केलं, तेव्हा वीज नव्हती. पुढे वीज आली, स्पॉट आले आणि स्पॉटपुढे रंगीत जिलेटिन आलं. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हाच्या रंगाचा असतो. पिवळ्या बल्बशेजारी तो निळसर पडतो. बघणाऱ्याला त्यातलं शास्त्र माहीत नसलं तरी इथे कुणीतरी येऊन दिवा लावलाय एवढं बरोबर कळतं. ते कळलं की माझं काम फसलं. तिच्या गालावरचा उजेड त्या लोंबत्या बल्बाचाच आहे असं वाटायला हवं. अंधाऱ्या जागेत मी एवढंच एक बघतो. हल्ली प्री-वेडिंगवाले राजवाड्यापुढे दोन मोठे सॉफ्टबॉक्स लावून सगळं असं पांढरं करतात की मागे राजवाडा आहे की कार्यालयाचा पडदा, सांगता येत नाही.

इथे एक गंमत असते. लोकांना वाटतं, अंधारात फ्लॅश कमी पडत असेल. पडतो जास्त. सगळ्यात खालच्या पॉवरवर, म्हणजे १/१२८ वर, सॉफ्टबॉक्समधून, हातभर अंतरावरून उडवला तरी बिचाऱ्या ९ वॅटच्या बल्बाला तो गिळून टाकत होता. चेहरा पांढरा, मागे काळोख, बल्ब नावापुरता. मग उलटं चालायचं. पोराला सॉफ्टबॉक्स घेऊन मागे सरकवलं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. त्यामुळे इथे अर्ध्या फुटालाही किंमत असते. आयएसओ ८०० वर आणला आणि शटर १/२५ वर. फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी वेळात येऊन जातो, शटर किती वेळ उघडं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. बल्ब मात्र तेवढा सगळा वेळ जळत असतो. म्हणून शटर लांबवलं की बल्ब वधारतो आणि फ्लॅश आहे तिथेच राहतो. तरीही किंचित जास्त होतंच. शेवटी मामांच्या दोरीवर वाळत असलेला पांढरा पंचा मागितला आणि त्याचा एक पदर सॉफ्टबॉक्सवर चिमट्यांनी लावला. मग जमलं.

१/२५ च का, ४० किंवा ६० का नाही, हे साताऱ्यात शिकलो. महिनाभर आधी याच साड्यांचे काही फोटो तिथे काढले. ताईंना समर्थ मंदिराच्या वरचा बोगदा हवा होता. सज्जनगडाकडे जाणारी वाहनं आणि ऐन मधे पदर सावरत उभी मुलगी, म्हटलं नको. चिमणपुऱ्यातला एक बोळ धरला. पूर्वी खांबांवर सोडियमचे दिवे होते तेव्हा अख्खा बोळ एकाच नारिंगी रंगात बुडायचा. लाल साडी आणि हिरवी साडी रात्री सख्ख्या बहिणी दिसायच्या. आता खांबावर पांढरा एलईडी, कोपऱ्यावरच्या दुकानात पिवळा, मेडिकलच्या पाटीचा हिरवा. वाऱ्याने छत्री उडाली, स्टँड आडवा झाला, ते सोडा. खरी चूक माझी. हात हलू नये म्हणून शटर १/२०० वर ठेवलं, आणि घरी येऊन बघतो तर चाळीसेक फोटोंवर आडवे काळसर पट्टे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. त्या हिशेबाने साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते दिसत नाही. पण शटर त्या एका उघडझापीपेक्षा कमी वेळ उघडं राहिलं, तर फोटोच्या एका भागाला उघड मिळते आणि दुसऱ्याला झाप. १/५० ला दोन पुऱ्या उघडझापी मावतात, १/२५ ला चार. हे एखाद्या पुस्तकात वाचलं असतं तर चाळीस फोटो वाचले असते.

गोदामात परत येऊ. हनुवटीखालचा पिवळा उजेड अजून तसाच होता. फरशी झाडून उपयोग नव्हता, धूळ अजून उडाली असती. मामा रात्री ज्यावर निजतात ते काळं घोंगडं कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं दिसलं. ते मुलीच्या पायाशी, फोटोत येणार नाही असं अंथरलं आणि पिवळी कड पुसल्यासारखी गेली. लोकर उजेड पिऊन टाकते. काळ्या कापडाच्या महागड्या चौकटी याच कामासाठी विकत मिळतात; जत-आटपाडीकडचं घोंगडं त्यांच्या तोडीस तोड आहे, शिवाय निजायला येतं.

खणाला उजेड समोरून मारला की तो मेला. त्याची सगळी शोभा विणीतल्या बारीक उठावात. समोरच्या उजेडात ती सपाट होऊन छापील कापडासारखी दिसते. उजेड बाजूने, कापडाला घासत गेला पाहिजे. मग एकेक बुट्टा आपापली सावली घेऊन उभा राहतो. पण बाजू कुठली, ते नथ ठरवते. नथ डाव्या नाकपुडीत. उजवीकडून दिवा लावला तर ती नाकाच्या सावलीत जाते आणि मोती विझतात. म्हणून तिच्या डावीकडून. डावीकडून लावला तर उंचीचा घोळ: दिवा वर असला की नथीची सावली नेमकी वरच्या ओठावर पडते. पहिल्या तीन फोटोंत मुलीला झकास मिशी आली होती. पोरगा इंच-इंच सॉफ्टबॉक्स खाली घेत होता आणि मी सावलीवर नजर ठेवून होतो. ओठावरून सरकत ती नाकाच्या आडोशाला गेली तिथे त्याला "थांब" म्हटलं. तो डोळ्यांच्या रेषेपेक्षा वीतभरच वर थांबला होता. आता डोळ्यांतही बारकासा ठिपका आला. तो ठिपका नसला की माणूस जागा वाटत नाही.

ताईंनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. "छान आहे, पण जरा उजळ करा ना." हे वाक्य मी दर शूटला ऐकतो. आपल्या भाषेत उजळ म्हणजे प्रकाशलेला आणि उजळ म्हणजे गोरा; मागणारा कुठला उजळ मागतोय हे त्यालाही नेहमी ठाऊक नसतं. मुलगी सावळी होती. सावळ्या कातडीवर बाजूचा पिवळा उजेड जी झिलई आणतो, ती एक स्टॉप वाढवला की खडूसारखी पांढरी पडते. मी काही बोललो नाही. फोनवर हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र काढून दाखवलं. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. चित्र १९४५-४६ चं, जलरंगातलं, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. दिव्यासमोर उभी होती त्यांची मुलगी गीता, पुढे कोल्हापूरच्या गीताबाई उपळेकर. चित्रात एकच दिवा, त्यावर आडवा धरलेला हात, उजेडाने लालसर झालेली बोटं. बाकी बहुतेक कागद अंधाराने व्यापलाय. ताईंनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "मग राहू दे तसंच. पण काठ दिसू दे." काठासाठी थर्माकोलचा तुकडा खाली उजवीकडे धरला. ती मागणी रास्त होती.

शेवटचा अर्धा तास दुसऱ्या फ्लॅशचा. तो पोत्यांमागे, दाराच्या बाजूने, तिच्या खांद्यावर रोखून ठेवला. मामांनी एक रिकामं पोतं झटकलं. हवेत हळद उडाली आणि मागून आलेल्या उजेडाचा पट्टाच्या पट्टा दिसू लागला. आम्ही सगळे शिंकत होतो. मुलीने शिंक दाबून जो चेहरा केला, तो पुढे पहिल्या पानावर गेला. दोनशेवर फोटो काढले, ताईंना अकरा दिले.

घरी आल्यावर सॉफ्टबॉक्सचं पांढरं कापड बघितलं तर पिवळंधमक. मामांच्या पंच्याचीही तीच गत. पिवळ्या कापडातून येणारा उजेड पिवळाच येणार, म्हणून दोन्ही साबणाच्या पाण्यात भिजवलं, आणि डाग लालभडक झाले. सोडा, साबण, चुना, कशानेही हळद लाल होते. कुंकू त्याच गुणावर बनतं. आई म्हणाली, घासू नकोस, उन्हात टाक. चार दिवस गच्चीवरच्या तारेला कापड आणि पंचा शेजारी-शेजारी लटकत होते. डाग उडाले. कापडाच्या शिवणीत एक पिवळी रेघ राहिलीय, आणि पंचा पुढच्या खेपेला मामांना नेऊन द्यायचाय.