आर्णी परिसरातील मोटारींसाठी पाणी व कूलंट यांचे मिश्रण

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी येथे पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही. म्हणून मोटारीच्या इंजिनास कूलंट अनावश्यक ठरतो, हा समज चुकीचा आहे. हा परिसर बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. तेथील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट क्षार विरघळलेले असतात. असे पाणी तापल्यावर पाणी तापविण्याच्या भांड्यात बसतो तसाच पांढरा थर रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत साचतो व इंजिन तापू लागते. ऊर्ध्वपातित पाण्याने थर बसत नाही. परंतु गंज थांबतो तो कूलंटमधील गंजरोधकांमुळेच.

इथिलीन ग्लायकॉल व पाणी यांचे समप्रमाण मिश्रण सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाच्या दाबामुळे हा बिंदू आणखी वर जातो. मात्र ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याहून कमी असते. त्यामुळे विदर्भाच्या उन्हाळ्यात निव्वळ कूलंट भरणे हा शहाणपणा नव्हे. वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले प्रमाणच पाळावे. त्याहून पातळ मिश्रणात गंजरोधके अपुरी पडतात. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालू नये. नागपूर–तुळजापूर मार्गावर अडचणीत बोअरचे पाणी भरावे लागलेच, तर मुक्कामी पोचताच ते काढून यंत्रणा धुऊन घ्यावी.